हेल्मेटातला नंबर

"ताई, हेल्मेटात ह्यो नंबर लिवलाय. गाडीवर कोन होता तुमचा?"

सुरभीचे हात कणकेत तसेच राहिले. बोलणारा कुणी टेंपोवाला होता. लोधिवलीच्या अलीकडे जुन्या हायवेवर मोटारसायकल घसरून उभ्या ट्रकवर आदळली होती. माणसाचा मोबाईल फुटला होता, खिशात चिटोरंही नव्हतं. हेल्मेटच्या आत मार्करने लिहिलेला हा नंबर तेवढा सापडला. "चौक गावच्या दवाखान्यात नेलाय," एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

'होता' म्हणाला. 'आहे' नाही म्हणाला.

नंबर तिनेच लिहिला होता, तिचा नवरा साईराज साजगावच्या कंपनीत लागला त्या दिवशी. तिने त्याला फोन लावला. बंद. कंपनीत मोबाईल गेटवर ठेवावा लागतो, म्हणजे तो कामावर असला तरी बंदच लागणार. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. तो कामाला पळसदरीकडून जातो, लोधिवलीच्या वाटेला कशाला जाईल? पण नंबर तर तिच्याच हातचा होता. सासूला "कर्जतला जाऊन येते" म्हणाली आणि स्कूटी काढली. पोशीर सुटलं, नेरळ सुटलं, कर्जत आलं. मध्ये दोनदा थांबून तिने फोन लावला. तिसऱ्यांदा थांबायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात नर्सने कोपऱ्यातली खाट दाखवली. तोंडाला आणि डोक्याला पट्ट्या, एक हात लाकडाच्या फळीला बांधलेला. सुरभीने आधी पाय बघितले. काटकुळे, लांब बोटांचे पाय. ते साईराजचे नव्हते.

तिला हसूच फुटलं. तोंडावर पदर दाबून ती भिंतीला टेकली. नर्स चमकून बघायला लागली.

"तुम्ही कोण यांच्या?"

"कोणी नाही."

खाटेखाली हेल्मेट पडलं होतं. काळं, बाजूने निळा पट्टा, उजवीकडे कानापर्यंत चिरलेलं. साईराजचंच. डॉक्टर म्हणाले, "हे डोक्यात नसतं तर हा इथपर्यंत आलाच नसता." तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. साईराज आपलं हेल्मेट कधी कुणाला देत नसे. हसू विरलं. मेला चोरटा! ह्याच्यापायी दोन तास तिने काय काय बघितलं होतं डोळ्यांपुढे. पर्स उचलून ती तडक दारापर्यंत गेली.

दारात तिचे पाय थबकले. ह्याच्या घरी आत्ता कुणीतरी निवांत भात टाकत असेल. त्या बाईला अजून फोन गेलेला नाही. जाणार तरी कसा? ह्याचा पत्ता सांगणारं इथे कोणीच नव्हतं.

सुरभी परत येऊन स्टुलावर बसली.

बाराच्या सुमाराला त्याने डोळे उघडले. पंचविशीचा असेल.

"नाव काय रे तुझं?" सुरभीने विचारलं.

"ऋतिक." त्याची नजर खाटेखालच्या हेल्मेटवर गेली, मग तिच्यावर आली, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच त्याने आईचा नंबर सांगितला.

पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुरभीला आज चांगलं कळलं होतं. "मावशी, तुमचा ऋतिक जिवंत आहे. आधी एवढं ऐका, मग बाकीचं सांगते."

लोधिवलीहून ऋतिकची आई जनी आली ती पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेली, तशीच शेतातून. लेकाच्या गालावरून हात फिरवला, डॉक्टरचं ऐकलं, आणि मग हेल्मेट मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसली.

"पंधरा दिस भांडते ह्याच्याशी," ती सुरभीला म्हणाली. "शेजारचा पोर असाच गेला ना, डोकं फुटून. काल साजगावच्या कंपनीत नाईटला निघाला तवा शपथ घातली. म्हनलं, सकाळी डोक्याला हेल्मेट नसंल तर घरात पाय ठेवू नको. आयकलान गं बाय माजं. कुठनं तरी घेतलान."

सुरभी स्टुलावरून उतरून तिच्याशेजारी फरशीवर बसली.

तेवढ्यात दारात साईराज उभा राहिला. जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन फोन चालू केला तर बायकोच्या अकरा मिस कॉलचे अलर्ट आणि दवाखान्यात असल्याचा मेसेज. सुरभीला धडधाकट बघून त्याने मोठा श्वास सोडला. मग त्याची नजर म्हातारीच्या मांडीवर गेली.

त्याचा जबडा आवळलेला सुरभीला लांबूनच दिसला. गेल्या दिवाळीत कर्जतच्या बाजारात त्याने पाकीटमार धरला होता, तेव्हा चौघांनी ओढून त्याला बाजूला केलं होतं. ती झटकन उठून खाटेच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. साईराज तिला वळसा घालून पुढे आला.

जनीला वाटलं, सुरभीचा माणूस विचारपूस करायला आला. तिने हेल्मेट दोन्ही हातांनी वर धरलं. "बगा दादा, ह्यानं वाचवलान माज्या पोराला. माज्या शब्दाखातर घेतलान त्यानं."

खाटेवर ऋतिक टक्क जागा होता. त्याने तोंड फिरवलं नाही. जे होईल ते घ्यायला तयार असल्यासारखा तो साईराजकडे बघत राहिला.

साईराजने हेल्मेट हातात घेतलं. आतला नंबर बघितला. चिरेवरून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, अगदी सावकाश.

त्याने वाकून हेल्मेट परत जनीच्या मांडीवर ठेवलं.

"चांगलं घेतलं होतं पोरानं, मावशी," तो म्हणाला. "पण आता हे फुटलं. नवं घ्याल तेव्हा त्याला एवढं सांगा, गाडी लावली की हेल्मेट आरशाला अडकवून जायचं नाही. हातात घेऊन जायचं. माझं आज सकाळीच गेलं."