उद्या सकाळची सीट

"सर, नाम नहीं बदलेगा," पलीकडची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. "तारीख बदल सकती है। नाम नहीं।"

सिद्धांतने रिसीव्हर एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला. तासभर झाला होता फोनवर, त्यातला निम्मा वेळ तर विमान कंपनीचं संगीत ऐकण्यातच गेला. अधिवेशन चालू होतं. दिवसभर खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करून तो संध्याकाळी दिल्लीतल्या द्वारकेला घरी आला होता. मोबाइल बंद पडून चार्जिंगला लावलेला, पायात अजून बूट. खिडकीवरून दर चार मिनिटांनी एक विमान जायचं, इतकं खालून की चाकं दिसावीत. आणि इथे एका तिकिटापायी माणसाच्या नाकी नऊ आले होते.

तिकीट खरं तर कवडीमोलाने मिळालं होतं. दिल्ली ते नागपूर, रेल्वेच्या एसी डब्याहून कमी पैशांत. सिद्धांतने ऑफिसात चार जणांना कौतुकाने सांगितलंही. मग रजा नामंजूर झाली, तारीख बदलली. बदलण्याचे पैसे भरा, वर भाड्यातला फरक भरा. मग मुलीची, श्रावस्तीची परीक्षा आली, पुन्हा बदलली. पुन्हा तेच, आणि फोनवरून बदललं म्हणून त्याचे वेगळे. तिकडे नागपूरला विजयाताईकडे बाबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. दर खेपेला म्हणायचे, चालेल रे, आधी नोकरी सांभाळ. अखेर उद्या सकाळची सीट पक्की झाली. रजाही मिळाली, साहेबांच्या कपाळावरच्या आठ्यांसकट.

आणि आज घरात पाऊल टाकतो तर नऊ वर्षांची श्रावस्ती दारातच उड्या मारत उभी. दुपारी आई बाजारात गेली असताना आजोबांचा फोन आला होता म्हणे. आजोबा येतायत.

"इकडे? दिल्लीला?"

"बिल्कुल! स्वतः म्हणाले, पप्पा."

पोरगी दिल्लीतच वाढलेली. मराठी घरापुरती, त्यातही निम्मी हिंदी. सकाळी घरातून निघताना सिद्धांत "चलो, बाय" म्हणायचा, म्हणून तीही तसंच म्हणायची. पण फोनवर आजोबांशी मात्र रोज न चुकता मराठीत बोलायची.

सिद्धांतचा जीव भांड्यात पडला. नवा फ्लॅट घेतल्यापासून तो बाबांना बोलावून बोलावून थकला होता. बघू, म्हणायचे आणि विषय बदलायचे. आता स्वतःहून निघतायत म्हणजे तब्येत सुधारली असणार. त्याने नागपूरला दोनदा फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. बाबांना घेऊन ताई विहारात गेली असेल, त्याने स्वतःलाच सांगितलं. खरं सांगायचं तर रजा वाचली याचाही त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची जरा लाजही वाटली.

म्हणून तर तो फोनवर बसला होता. आपलं जायचं तिकीट बाबांच्या नावावर, त्यांच्या येण्यासाठी बदलून मिळेल, अशी वेडी आशा. ते काही होणार नव्हतं. जुनं रद्द करायचं, नवं काढायचं.

"कैंसल करेंगे तो कुछ वापस नहीं आएगा, सर। और कल की फ्लाइट फुल है, ये सीट दोबारा नहीं मिलेगी। कर दूँ?"

"कर दीजिए," सिद्धांत म्हणाला.

मग त्याने शनिवारचं नागपूर-दिल्ली काढलं. राजाराम अंबादास मेश्राम, वय अठ्ठ्याहत्तर. खिडकीच्या सीटचे वेगळे पैसे होते, बॅगेचे वेगळे होते. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा हा माणूस मुकाट्याने हो म्हणत गेला. बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते.

रिसीव्हर ठेवला आणि लगेच फोन वाजला. विजयाताई. तिला बोलूही न देता त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. शनिवार, खिडकी, मी विमानतळावर घ्यायला येतो.



"सिद्धू, बाबा गेले रे," ती म्हणाली. "तासाभरापासून तुला लावतेय, एंगेज. दुपारी जरा बरं वाटलं, उठून बसले, स्वतः फोन मागितला. त्यानंतर एकदम बिघडलं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही." मग आवाज सावरून म्हणाली, "सकाळचं विमान आहे ना तुझं? तू आल्याशिवाय उचलणार नाही आम्ही."

 बघतो, एवढंच कसंबसं म्हणून त्याने फोन ठेवला. खिडकीवरून आणखी एक विमान गेलं. तो तसाच बुटांसकट जमिनीवर बसला आणि त्याने श्रावस्तीला जवळ ओढलं.

"आजोबा नेमकं काय म्हणाले, बेटा? त्यांच्याच शब्दांत सांग."

श्रावस्तीने डोळे मिटून आठवलं. आधी जय भीम म्हणाले. जेवलीस का विचारलं. पप्पाला जपा म्हणाले, फार दमतो तो.

"आणि मग? 'ठेवतो' म्हणाले?"

"नाही ना. रोज 'ठेवतो' म्हणतात," ती म्हणाली. "आज म्हणाले, 'बरं बाळा, येतो मी.'"