आधी तेल बंद

बुधवारी सकाळी साडेअकराला डॉक्टरबाईंनी सांगितलं, प्रभावती गेली. विलासच्या अंगावर अजून कंपनीचा युनिफॉर्म होता. फोन आला तसा भट्टी दुसऱ्याच्या हवाली करून तो चाकणहून निघाला होता.

"मॅसिव्ह अटॅक होता," डॉक्टर म्हणाल्या. "मायोकार्डियमला ऑक्सिजनच मिळाला नाही. मायटोकाँड्रियल फंक्शन..."

"मॅडम, मराठीत सांगा." विलासचा आवाज चढला. "तासाभरात तिघांनी इंग्रजी शब्द तोंडावर फेकले. माझी बायको गेलीय. तिच्या आत काय झालं ते मला कळलं पाहिजे. बावीस वर्षं तेलावर जळणाऱ्या भट्टीवर आहे मी, अगदीच ठोंब्या नाही."

"पप्पा, जाऊ द्या ना." मुलगी श्रद्धा त्याचा हात धरून ओढत होती. त्याने हात सोडवून घेतला.

डॉक्टर तरुण होत्या. त्याच्या बाह्यांवरचे तेलाचे डाग त्यांनी पाहिले आणि त्या शेजारी बाकावर बसल्या.

"मग भट्टीचंच सांगते. हृदयाच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. त्यांचं मुख्य इंधन चरबी. साखरही जळते, पण कमी. चरबी जाळायला हवा जास्त लागते. रक्ताची नळी बंद झाली, हवा तुटली, की चरबी धड जळत नाही. अर्धवट राहते, साचते, आणि पेशीलाच खाते."

"काजळी," विलास म्हणाला.

"तसंच काहीसं."

"मग आधी तेल बंद करायचं ना. ब्लोअर बसला, हवा थांबली, की पहिला हात तेलाच्या कॉकवर. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे. हिच्या आत कोणी बंद केलं नाही?"

"पेशी प्रयत्न करते. साखरेकडे वळते, तिला हवा कमी लागते. पण दुखायला लागलं, माणूस घाबरला, की शरीर रक्तात उलट आणखी चरबी सोडतं."

"हवा कमी, आणि तेल वाढवायचं?"

"हो."

"कसली ही रीत. आमच्याकडं असं करणाऱ्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढतात."

मग डॉक्टरांनी विचारलं, "नळी बऱ्याचदा आधीपासून अरुंद होत आलेली असते. त्यांना दम लागत होता का?"

"जिना चढताना," श्रद्धा म्हणाली. "दोन महिने झाले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा पायरीवर बसायची."

दवाखान्याचं गुरुवारी बघू, असं विलास प्रभावतीला म्हणाला होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी. पण भट्टी थंड असते तीही गुरुवारीच, आणि ब्लोअरची जाळी तेव्हाच साफ करता येते. आठच्या आठ गुरुवार तो चाकणला जाऊन जाळी साफ करून आला होता. तिथं दुसऱ्या कोणावर त्याचा विश्वास नव्हता.

घराशेजारच्या भिमाबाई दापोडीहून थर्मास घेऊन आल्या. हॉस्पिटलला लागणारं प्रभावतीचं आधार कार्ड त्यांनी श्रद्धाच्या हातात दिलं, तिला जवळ घेतलं, आणि झाकणात चहा ओतून विलासपुढे धरला.

"दोन घोट घ्या, भाऊ. सकाळपासून पोटात काय न्हाई. कार्ड शोधायला गेले तर तुमच्याच गॅसवर टाकला."

बोलता बोलता त्या बोटं पदराला पुसत होत्या. पदर काळा झाला होता.

"पातेलं बुडाला पार काळंमिट्ट झालं बघा. शेगडी पिवळी जळतीय तुमची, बर्नर तुंबलाय. एवढे भट्टीवाले तुमी, आन् घरात ही तऱ्हा. प्रभानं सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं होतं," विलास म्हणाला. "मी गुरुवारी म्हणालो."

त्याने झाकण हातात घेतलं, पण चहा तसाच निवत गेला. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. घरचा बर्नर साफ करायचा राहिला होता.