जेट स्कीचा दांडा

गॅरेजवाल्या जलालनं दोस्त शहादेवला हाताशी घेऊन भंगारातली जेट स्की चालू केली, उभ्यानं चालवायची. पण तलाव भरायचा तेव्हा शहादेव बायकोसोबत ऊसतोडीला निघायचा. परत यायचा तेव्हा तळाला चिखल. पाण्यावर आजवर जलालच उभा राहिला. यंदा तर तलाव भरलाच नाही. शहादेवला घेऊन साखर कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरपुढं जलालनं हातगाडा आडवा लावला. वर जेट स्की. "ही कावून आणली बे?" शहादेवनं विचारलं. "तुमच्या कारखान्यापाशी नदी हाय ना? घेऊन जा." "नदीवर गेलो तर खाडा पडंल." ट्रॉलीत बसलेल्या त्याच्या बायकोनं पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन जागा केली. "पडू द्या एक रोज. मलाबी बगायचंय." जेट स्की चढवताना उंचापुरा शहादेव हँडल धरून थबकला. बुटक्या जलालच्या मापाचा दांडा वीतभर वाढवलेला होता. जोडावरचं वेल्डिंग अजून गरम होतं.