बदामीचा कॅमेरा

कुमुदिनीकाकूंनी मोबाइल आणि लॅपटॉप नितीशच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवले. दोन्हींत त्यांचे यजमान होते. दामोदरपंत गेले तेव्हा त्यांच्या मनाची एकेक प्रत दोन्हीकडे भरून घेतली होती. लॅपटॉपमधले पंत कपाटातच राहिले. मोबाइलमधले काकूंच्या पर्समधून भाजीला हिंडले आणि पुष्कळ सुधारले.

"घरी दोघं एकमेकांशी भांडतात रे. दोघांना जुळवून एकच करून टाक. पण बदामीच्या सहलीत कॅमेरा हेच लॉजवर विसरले, हे मोबाइलवाल्यांनी परवा कबूल केलंय. मेल्यावर का होईना! ते पुसलं जाता कामा नये."

"तूच विसरलीस," लॅपटॉप म्हणाला.

नितीशने एक सॉफ्टवेअर दाखवलं. "हे फुकट आहे, काकू. मतभेद झाला की मधला मार्ग काढतं. अर्धी चूक त्यांची, अर्धी तुमची."

"अर्धी? दुसरं दाखव."

"हे महाग आहे. नवं तेच खरं मानतं."

"घाल."

थोड्या वेळाने दोन्हीकडून एकच आवाज आला, "कुमुद, चूक माझीच."

काकूंनी डोळे टिपले, पदर खोचला आणि स्टूल पुढे ओढलं.

"हं. आता वन्संच्या लग्नाचं घेऊ."

नितीशने शटर अर्धं खाली ओढलं.