उपाशी पोटी खेळलेला डाव

रंभाबाईनं पिशवीतली लाडवांची पुरचुंडी काढली आणि ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पार तळाशी दडपली. मुलगा जागेश्वर न्हाणीत होता. सून पुष्पलता नळावर. हात झटकून म्हातारी ओट्यावर येऊन बसली, जशी काही उजाडल्यापासून तिथंच होती.

लाडू पुष्पलतानं आदल्या दिवशी वळले होते. फुटाण्याचं पीठ, शेंगदाणे, गूळ, खारीक. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं म्हणे, गोल्फच्या खेळात दर चार-पाच भोकांनंतर काहीतरी तोंडात टाकावं, नाहीतर शेवटाकडे हात कापतो आणि चेंडू भलतीकडेच जातो.

"काठी घेऊन गवतात हिंडाले लाडू लागते?" रंभाबाई तेव्हा म्हणाली होती.

"आत्याबाई, अठरा भोकं म्हंजे दोन कोस चालनं होते. तेही उन्हात."

"मले नको सांगू वं दोन कोस. लुगड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन जरीपटक्याच्या बाजारापर्यंत पायी जाओ मी. माह्या तोंडात कोनी लाडू नाही टाकला."

तोंडानं ती असं बोलली खरं. पण साहेबांचं म्हणणं मनोमन तिला पटलं होतं, आणि म्हणूनच पुरचुंडी कोठीत गेली.

खाणींच्या त्या कंपनीत जागेश्वर आणि रुपराव असे दोन कारकून. दोघंही साहेबांच्या नादानं, साहेबांच्याच जुन्या काठ्यांनी हा खेळ शिकले होते. कलकत्त्याच्या हापिसात एक जागा निघाली. बढती होती, वर राहायला क्वार्टर. दोघांची नोकरी सारखीच जुनी, तेव्हा साहेब हसत म्हणाले, रविवारी जो जिंकेल तो जाईल.

"तूबी चाल ना माय," जागेश्वर म्हणाला होता.

"तुह्या बापाचा हातमाग हाये इथं. तो सोडून मी कुठी येत नाही. तुले जाचं तं जा."

जा म्हणणं सोपं होतं. जाऊ नको म्हणणं रंभाबाईला जमत नव्हतं. नवरा गेला तेव्हाही तिनं दिरांपुढे पदर पसरला नव्हता. पोटच्या पोरापुढे काय पसरणार होती?

रविवारी दुपारी जागेश्वर खेळून परतला. काठ्या कोपऱ्यात टेकवल्या.

"हारलो, माय."

"काहून गा?"

"शेवटच्या तीन भोकांले हात लटपटले. पोटात काहीच नव्हतं. पिशवीत लाडूच नव्हते."

पुष्पलतानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मीच विसरली असन ठेवाले."

ती विसरली नव्हती. पुरचुंडी पिशवीत ठेवताना रंभाबाईनं तिला पाहिलं होतं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"मॅट्रिक झाली म्हंते, अन् एवढं ध्यानात नाही राहत वं तुले?"

सुनेनं ताट वाढलं. जागेश्वरनं तीन भाकरी खाल्ल्या, वर वरण मागून घेतलं. केवढं उपाशी ठेवलं मी लेकराला, असं रंभाबाईच्या मनात आलं आणि तिचा स्वतःचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

ती कोठी मग तिची वैरीण झाली. दळणाला ज्वारी काढायची म्हटलं की हात अडायचा. तिनं चहातली साखर सोडली. पुष्पलतानं काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, "मले गोड सोसत नाही आता." जागेश्वर संध्याकाळी हापिसातून आला की शिडी लावून हातमागाच्या खोलीच्या छपरावरची कवेलू बदलत बसे. ज्याला कलकत्त्याचं पक्कं क्वार्टर मिळायचं, तो इथं गळकं छप्पर नीट करत होता. खाली बसून त्याला कवेलू देताना तिला वर बघवत नसे. सुनेला टोचून बोलायचंही तिनं सोडलं. ते बघून तर शेजारची सखूबाई विचारून गेली, तब्येत बरी आहे ना म्हणून.

शनिवारी रुपरावची कलकत्त्याची गाडी होती. गुरुवारी रंभाबाईनं स्वतःच्या हातानं लाडू वळले, धुवट लुगडं नेसली, आणि मंदिरात जाते असं सांगून पायी सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यावर गेली. मागणं घेऊन कुणाच्या दारात उभं राहण्याची ही तिची पहिलीच वेळ. फाटकाशी आल्यावर दोनदा ती परत फिरली.

साहेबांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. लाडवांचा डबा टेबलावर ठेवला.

"सायेब, माह्या पोराचा डाव पुन्हा घ्या."

"म्हणजे?"

"त्याच्यात काई खोट नाही. त्याचे लाडू मीनं पिशवीतून काढले. तो कलकत्त्याले जाऊ नये म्हनून काढले. उपाशी खेळला, हात कापले, हारला. सुनेनं आळ आपल्या अंगावर घेतला, तरी मी चूप राह्यली." तिची मान ताठच होती. "पाप माहं हाये. त्याचा भोग त्याले काहून?"

साहेबांनी एक लाडू उचलला होता. अर्धा खाऊन ते थांबले.

"जागेश्वर हरला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच."

साहेबांनी उरलेला लाडू बशीत ठेवला.

"दोन फटक्यांनी जिंकला तो, बाई. आणि जिंकल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, 'रुपरावला पाठवा. माझी माय कलकत्त्याला येणार नाही, आणि थांब असंही मला कधी म्हणणार नाही.'"