साळिंदराने तोडलेली वायर

माझ्या नातवाने, हेमंतने, जीपपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर ओढलेली. जीप चालली की ट्रॉलीतली बॅटरी चार्ज होते, मग तिच्यावर लग्नातला स्पीकर वाजतो. मला वाटलं, उरलीसुरली वायर लोंबतेय. हातभर कापली आन् दुधीचा वेल मांडवाला बांधला.

खोडाळ्याच्या लग्नात मंगलाष्टकांच्या मधेच स्पीकर बंद पडला. पोरगा वऱ्हाडाची बोलणी खाऊन घरी आला.

"आजी, वायर कोणी तोडली?"

"साळिंदर आलेलं रे, रेड्याएवढं. मी काठी घेऊन धावले, तर माझ्याकडं बघून हसलं."

तो वेलाकडं बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

***

आज मोखाड्याच्या बाजारातून त्याने सुतळीचा गुंडा आणला. माझ्या हातात देत म्हणाला, "साळिंदर परत आलं तर त्याला हे दे."