पहिली किक

"सूनबाई, चौदाचा पाना दे बरं."

तिनं पाना सासऱ्यांच्या हातात दिला आणि मनोमन प्रार्थना केली, हा तरी नट झिजलेला निघू दे. निघाला नाही. पेट्रोलची टाकी घट्ट बसली.

टाकी एका गाडीची, मडगार्ड दुसऱ्याच गाडीचं, आणि हँडल सासऱ्यांनी स्वतः पाइप वाकवून केलेलं. अपघातानंतर टेम्पोतून मागच्या अंगणात जे उतरवलं होतं, त्याला मोटारसायकल म्हणायला धाडसच लागलं असतं. नवऱ्याच्या उजव्या पायाचीही तीच गत होती. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न केला, "गाडीचं काय झालं?" शेजारी रडून रडून डोळे सुजलेली बायको जणू त्याला दिसलीच नाही.

"काळजी करू नकोस," सासरे लगेच म्हणाले होते. "मी तुला नवी कोरी करून देतो."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. हा पुन्हा त्या गाडीवर बसणार, पुन्हा फोन येणार, पुन्हा आपण चप्पल न घालता धावत सुटणार.

पण सांगायचं कुणाला? कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून सासरे टीव्हीसमोर मुक्काम ठोकून असायचे. आता सकाळी शीळ घालत अंगणात जायचे. नवरा लंगडत का होईना, दर रविवारी भंगारबाजार पालथा घालायचा. दोघांच्या उत्साहावर विरजण कोण घालणार?

मग तिनं चोरीचा मार्ग धरला. आधी क्लचची केबल नाहीशी केली, मग ब्रेकचा लिव्हर. सगळा ऐवज फडताळात, साखरेच्या डब्यामागच्या डब्यात. सासरे म्हणायचे, "असेल कुठेतरी," आणि शांतपणे दुसरा भाग करायला घ्यायचे. नवरा तर काय, आणेल तो भाग नेमका चुकीच्या मापाचा. बदलून आणायला पुन्हा पुढचा रविवार. त्याच्या वेंधळेपणावर एरवी ती करवादली असती, पण सध्या तिला तो गुण फार आवडू लागला होता.

तरी गाडी आकाराला येत गेलीच. सासऱ्यांनी इंजिनाला काळा रंग देऊन ते चकाचक केलं आणि एकट्यानं उचलून चौकटीत बसवलं. या वयात ही ताकद! ती बघतच राहिली. "इंजिनाला मात्र कुणी हात लावायचा नाही," एवढंच त्यांनी बजावलं.

शेवटी राहिला कार्बोरेटर. त्यातल्या पितळी जेटमधून इंजिनाला पेट्रोल मिळतं, हे सासऱ्यांनीच तिला कौतुकानं दाखवलं होतं. ते आंघोळीला गेले आणि तिनं जेट लंपास केला. परत आल्यावर ते सुटे भाग काढून ठेवलेल्या ताटलीकडे बघून जरासे थांबले आणि जेट न बसवताच झाकण लावून मोकळे झाले. वय झालं बिचाऱ्यांचं, तिला वाटलं. तिला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही झालं.

टाकी बसली तशी सासऱ्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"चला चिरंजीव, मारा किक!"

नवऱ्यानं किक मारली. पाय सरकन खाली गेला. गाडी ढिम्म.

"पुन्हा मार."

त्यानं पुन्हा मारली. दुखऱ्या पायावर जोर येत होता, कपाळावर घाम जमला होता, आणि तरी तो मारतच होता. तिला ते बघवेना.

"पुरे!" ती ओरडली. आत जाऊन तिनं डबा आणला आणि अंगणात उपडा केला. "हे सगळं मी लपवलं. जेटसुद्धा. एकदा तुला स्ट्रेचरवर बघितलंय मी. पुन्हा नाही बघायचं मला."

नवरा गाडीवरून खाली उतरला. मग हळूच म्हणाला, "प्लगही मेलेला आहे. मी मुद्दाम मागून आणला. भंगारवाला म्हणतो, चांगला देतो ना. म्हटलं, नको, हाच दे."

"तू? का पण?"

"भीती वाटते गं. ट्रकचा हॉर्न ऐकला तरी रस्ता सोडून बाजूला होतो."

"मग शुद्धीवर आल्या आल्या गाडीची चौकशी केलीस ती?"

"तू इतकी रडत होतीस, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. मग बाबांचा जीव इतका रमला, की नको म्हणवेना."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. तो पुन्हा गाडीवर बसणार नव्हता.

मग दोघांनाही एकदमच म्हाताऱ्याची आठवण झाली. सासरे अंगणाच्या पायरीवर मान खाली घालून बसले होते.

"बाबा, चुकलं आमचं," नवरा म्हणाला. "पण तुमची मेहनत वाया नाही जाऊ देणार. तुम्ही जेट बसवा, मी चांगला प्लग आणतो. एकदा सुरू होऊ दे, मग विकून टाकू."

सासऱ्यांनी फडक्याला हात पुसले. मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"सुरू कशानं होईल?" ते म्हणाले. "नुसतं खोकं आहे ते. आतलं सगळं इंजिन मी भंगारात घातलं, तू प्लास्टरमध्ये होतास तेव्हाच."